पदोन्नतीतलं आरक्षण: कर्मचाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि सरळ उत्तरं

आस्थापना शाखेत माझी बरीच वर्षं गेली. बिंदुनामावलीचं, म्हणजे कुठलं पद कुठल्या प्रवर्गाचं या नोंदीचं, रजिस्टर हाताने आखलंय, ज्येष्ठता यादीवरच्या हरकती वाचल्यात, आणि जेवणाच्या सुट्टीत लोकं डबा घेऊन येऊन बसायचे नि हेच प्रश्न विचारायचे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. मी वकील नाही. माझी बाजूही लपवत नाही: पदोन्नतीत आरक्षण असावं असं मला मनापासून वाटतं, आणि ते नीट मोजून, कागदावर दाखवून द्यावं असंही तितकंच वाटतं. हे पान मुख्यतः महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आहे, केंद्राचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

घटनेत पदोन्नतीचं आरक्षण मुळात आहे का, की नुसता जीआर (शासन निर्णय) आहे?

आहे. पण सुरुवातीपासून त्या शब्दांत नव्हतं, हे कळलं की पुढचा सगळा गोंधळ समजतो. कलम १६(४) मध्ये मागासवर्गाला नियुक्त्या आणि पदांत आरक्षण देता येतं एवढंच होतं. रंगाचारी केसमध्ये, म्हणजे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच, सर्वोच्च न्यायालयाने यात पदोन्नतीही येते असं सांगितलं आणि तीस वर्षं तसंच चाललं. मग १६ नोव्हेंबर १९९२ ला इंद्रा साहनी, ज्याला आपण मंडल निकाल म्हणतो, त्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की १६(४) फक्त भरतीपुरतं आहे, पदोन्नतीत नाही, जिथे चालू आहे तिथे आणखी पाच वर्षं चालू द्या. ती पाच वर्षं संपायच्या आधीच १९९५ मध्ये संसदेने ७७ वी घटनादुरुस्ती करून १६(४क) आणलं. आज पदोन्नतीतलं आरक्षण उभं आहे ते या एका कलमावर, आणि ते फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींबद्दल बोलतं.

मग तो माझा मूलभूत हक्क झाला ना?

नाही. इथे भरपूर लोक चुकतात. १६(४क) सरकारला परवानगी देतं, सक्ती करत नाही. उत्तराखंडच्या मुकेश कुमार केसमध्ये फेब्रुवारी २०२० ला न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. तुमचा मूलभूत हक्क आहे तो पदोन्नतीसाठी विचार होण्याचा. म्हणजे तुम्ही पात्र आहात, झोनमध्ये (ज्येष्ठतेनुसार विचारात घ्यायच्या नावांत) आहात आणि पदोन्नती समितीसमोर तुमचं नावच गेलं नाही, तर तो समानतेचा भंग आहे, मग तुम्ही कुठल्याही प्रवर्गाचे असा. हा हक्क खुल्या प्रवर्गातल्या माणसालाही तेवढाच आहे, आणि प्रत्यक्षात ऑफिसात सगळ्यात जास्त भंग होतो तो याचाच, कारण फाइल वेळेवर चालतच नाही.

टक्केवारी किती? केंद्राची आणि आपली एकच का?

केंद्रात अनुसूचित जाती १५ टक्के, जमाती ७.५ टक्के. निवडीने होणारी पदोन्नती असेल तर ग्रुप ए च्या सगळ्यात खालच्या पायरीपर्यंतच.

महाराष्ट्राचं वेगळं. इथे २००१ चा आरक्षण अधिनियम आहे जो २९ जानेवारी २००४ पासून लागू झाला, आणि त्यावर २५ मे २००४ चा जीआर. त्यात पदोन्नतीत अनुसूचित जाती १३, जमाती ७, विमुक्त जाती अ ३, भटक्या जमाती ब २.५, क ३.५, ड २ आणि विशेष मागास प्रवर्ग २, असं मिळून ३३ टक्के. भरतीत यात इतर मागासवर्गाचे १९ मिळवले की ५२ होतात. पदोन्नतीतले ‘३३ टक्के’ म्हणून जो शब्द सगळ्या मोर्च्यांत ऐकला असेल तो इथून आला.

ओबीसी, ईडब्ल्यूएस, मराठा समाज, यांना पदोन्नतीत काही?

नाही. तिन्ही आरक्षणं भरतीपुरती आहेत.

महाराष्ट्रात नेमकं काय बिघडलं? एकजण म्हणतो बंद झालं, दुसरा म्हणतो चालू आहे.

क्रमाने सांगतो. २५ मे २००४ चा जीआर आधी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आणि मग मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि ४ ऑगस्ट २०१७ ला उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. कारण मुख्य एकच, सरकारने आरक्षण देण्याआधी मोजलेलं काहीच नव्हतं. आणि विमुक्त, भटके, विशेष मागास यांचा प्रश्न आणखी अवघड, कारण १६(४क) मध्ये त्यांचं नावच नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. २९ डिसेंबर २०१७ ला सामान्य प्रशासन विभागाचं पत्र निघालं की खुल्या बिंदूंवरच्या पदोन्नत्या चालू ठेवा, आरक्षित बिंदू रिकामे ठेवा. बिंदू म्हणजे नामावलीतला पदाचा नंबर.

आता याचा अर्थ काय झाला ते बघा. एका टेबलावर खुल्या बिंदूवरचा माणूस वर गेला, आणि शेजारच्या टेबलावरचा मागासवर्गीय, ज्याचा नंबर बिंदूने लागत होता तो तसाच बसून राहिला, एक वर्ष नाही, दोन नाही, आणि त्यातले कित्येक त्याच खुर्चीतून निवृत्त झाले. मी स्वतः असे निरोप समारंभ बघितलेत जिथे हातात नारळ आणि शाल होती आणि पदोन्नतीची फाइल कपाटात होती.

मग २०२१ मध्ये एकापाठोपाठ जीआर. १८ फेब्रुवारी, २० एप्रिल, आणि शेवटी ७ मे २०२१ चा, ज्याने सांगितलं की सगळीच पदं २५ मे २००४ च्या स्थितीच्या सेवाज्येष्ठतेने भरा, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या अधीन राहून. म्हणजे आरक्षित बिंदू रिकामे राहिले नाहीत पण ते आरक्षणाने भरलेही गेले नाहीत, आणि २००४ नंतर जो आरक्षणाच्या बिंदूवर वर गेला होता त्याची पुढची पायरी मोजताना तो परत जुन्या जागेवर येऊन उभा राहिला. म्हणून दोघेही खरं बोलतात: पदोन्नत्या चालू आहेत असं म्हणणाराही, आणि त्यातलं आरक्षण थांबलं असं म्हणणाराही.

सारखं ‘डेटा नाही, डेटा नाही’ म्हणतात. कसला डेटा?

सगळ्या भांडणाचं मूळ हेच आहे म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळू नका.

१९ ऑक्टोबर २००६ ला एम. नागराज निकाल आला. पाच न्यायाधीशांनी घटनादुरुस्त्या वैध धरल्या पण तीन अटी घातल्या. आरक्षण द्यायचं तर तो वर्ग मागास आहे हे दाखवा, त्या सेवेत त्याचं प्रतिनिधित्व अपुरं आहे हे मोजून दाखवा, आणि कलम ३३५ मध्ये जी प्रशासनाची कार्यक्षमता म्हटलीय तिला बाधा येत नाही हे बघा. यातली पहिली अट जाती-जमातींना लावणंच चूक होतं असं माझं आधीपासूनचं मत, कारण अनुसूचीत नाव आहे म्हणजेच मागासलेपण मान्य झालेलं आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या जर्नेल सिंग निकालाने ती अट काढून टाकली. उरली मुख्य अट, अपुऱ्या प्रतिनिधित्वाची.

मग प्रश्न आला की मोजायचं कुठे, सगळ्या खात्यात मिळून की एका पदात? २८ जानेवारी २०२२ ला जर्नेल सिंगच्याच दुसऱ्या निकालात सांगितलं की संवर्गनिहाय मोजा, म्हणजे कक्ष अधिकारी संवर्ग वेगळा, अव्वल कारकून वेगळा, उपअभियंता वेगळा, पूर्ण सेवा किंवा ग्रुप धरून चालणार नाही. प्रतिनिधित्व किती टक्के झालं म्हणजे पुरेसं, हा आकडा न्यायालयाने दिला नाही, ते सरकारवर सोडलं. ठराविक काळाने परत मोजा हेही सांगितलं. केंद्राने त्यानंतर १२ एप्रिल २०२२ ला आपल्या खात्यांना तशा सूचनाही दिल्या.

आता माझं म्हणणं. हे मोजणं काही रॉकेट सोडणं नाही. प्रत्येक ऑफिसात आस्थापना शाखा आहे, प्रत्येक कर्मचाऱ्याचं सेवापुस्तक आहे, जात वैधतेची नोंद आहे, पगार तर आता सेवार्थ प्रणालीतून कॉम्प्युटरवर निघतो. एका संवर्गात मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात कुठल्या प्रवर्गाचे किती, हा तक्ता एक मन लावून बसलेला क्लार्क आठवड्यात काढतो, मी काढलेला आहे. २००६ ला निकाल आला आणि २०१७ ला जीआर पडला, मधे अकरा वर्षं होती. हायकोर्टात जीआर पडला तो आरक्षण चूक म्हणून पडला नाही, मोजलं नाही म्हणून पडला, हे दोन्ही बाजूच्या कर्मचाऱ्यांनी पक्कं डोक्यात ठेवावं. कर्नाटकात बघा, तिथे २०१७ ला आरक्षणाने वर गेलेल्यांच्या ज्येष्ठतेचा कायदा पडल्यावर सरकारने रत्नप्रभा समिती नेमली, आकडे गोळा केले, नवा कायदा केला आणि १० मे २०१९ ला पवित्रा केसच्या दुसऱ्या फेरीत तो सर्वोच्च न्यायालयात टिकला.

बिंदुनामावली म्हणजे काय हो? आमच्या ऑफिसात ती कुणालाच दाखवत नाहीत.

दाखवायला पाहिजे, ती गुप्त नाही. बिंदुनामावली म्हणजे संवर्गातल्या पदांना दिलेले नंबर आणि कुठला नंबर कुठल्या प्रवर्गाचा याची नोंद. १९९५ च्या आर. के. सभरवाल निकालानंतर ती रिक्त जागेवर नाही तर पदावर चालते. पूर्वी जागा निघेल तसं चक्र फिरायचं आणि फिरतच राहायचं. आता संवर्गातले सगळे बिंदू एकदा भरले की चक्र थांबतं, आणि मग ज्या प्रवर्गाच्या बिंदूवरचा माणूस निवृत्त झाला त्याच प्रवर्गाने तो बिंदू भरायचा.

सगळ्यात जास्त चूक होते ती मोजणीत. समजा पदोन्नतीचा १०० पदांचा संवर्ग आहे आणि टक्केवारी १३ आहे. सध्या तिथे अनुसूचित जातीचे १५ लोक काम करतायत. क्लार्क लिहितो, ‘२ जास्त, अनुशेष निरंक’, म्हणजे न भरलेली राखीव जागा एकही नाही. चूक! त्या १५ मधले ६ जण स्वतःच्या ज्येष्ठतेने, कुठलीही सवलत न घेता, त्यांचा नंबर लागला म्हणून आलेत. ते खुल्या बिंदूवर दाखवायचे. मग आरक्षित बिंदूंवर ९ च राहिले, आणि ४ चा अनुशेष आहे. असं रजिस्टर मी तपासताना एकदा सापडलं होतं, कुणी मुद्दाम केलं नव्हतं, आधीच्या क्लार्कने केलं तसं पुढच्याने उतरवलं, पण चार माणसांची पदोन्नती त्या उतरवण्यात अडकली होती.

उलटही होतं. खुल्या बिंदूवर भलताच माणूस दाखवून खुल्या प्रवर्गाची जागा कमी केलेली असते. म्हणून रजिस्टर दोन्ही बाजूंनी तपासावं. ते विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून, सही-शिक्का घेऊन आणायचं असतं. ती तपासणी शेवटची कधी झाली हा पहिला प्रश्न विचारा.

अनुशेष भरला की ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडते ना?

२००० सालच्या ८१ व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४ख) आलंय, मागच्या वर्षांचा न भरलेला अनुशेष त्या वर्षाच्या ५० टक्क्यांत धरत नाहीत. तो वेगळा गट.

माझ्यापेक्षा ज्युनिअर माणूस माझा साहेब झाला. ही कुठली समानता?

हा प्रश्न लोक रागाने विचारतात आणि मला तो राग समजतो, त्यामुळे उडवून लावत नाही.

आधी नियम. यादीत तुम्ही क्रमांक २ वर, तो क्रमांक ९ वर. आरक्षित बिंदू आला, तो आधी वर गेला. दोन वर्षांनी तुम्ही वर गेलात. आता वरच्या पदात सीनिअर कोण? वीरपाल सिंग चौहान (१९९५) आणि अजित सिंग (१९९६ आणि १९९९) निकालांनी सांगितलं की तुम्ही, तुमची जुनी ज्येष्ठता परत मिळते. मग २००१ ची ८५ वी घटनादुरुस्ती आली, १७ जून १९९५ पासून लागू, आणि तिने सांगितलं की पदोन्नतीबरोबर ज्येष्ठताही त्याचीच राहील. पण हेही आपोआप होत नाही, राज्याने तसा नियम करायला हवा आणि त्यालाही आकड्यांचा आधार हवा, हे पन्नीर सेल्वम निकालात २०१५ ला आलं.

आता समानतेचं. भरतीत प्रवेश मिळाला म्हणजे सगळे एका रेषेत आले असं आपण धरतो. पण ऑफिसात वर कोण जातं हे नुसतं ज्येष्ठतेवर ठरत नाही, गोपनीय अहवालात साहेबांनी काय लिहिलं, महत्त्वाचं टेबल कुणाला दिलं, ट्रेनिंगला कुणाला पाठवलं, चौकशी कुणाची लांबवली, हे सगळं त्यात येतं. मी अशा शाखेत काम केलंय जिथे एका सहकाऱ्याला बारा वर्षं आवक-जावकच दिली गेली, टिपणी लिहायला कधी दिलीच नाही, आणि मग अहवालात लिहिलं की ‘टिपणी लेखनाचा अनुभव नाही’. त्याची जात लिहायची तिथे गरजच नव्हती, सगळ्यांना माहीत होती. जिथे निर्णय होतात त्या खुर्च्यांवर सगळ्या समाजातली माणसं बसल्याशिवाय हे थांबत नाही, आणि भरतीतलं आरक्षण फक्त दारापर्यंत आणतं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा राखल्या त्याही नोकरीतल्याच होत्या, कारण कारभार कुणाच्या हातात आहे यावर रयतेला काय मिळतं ते ठरतं हे त्यांना दिसत होतं.

तुमची दोन वर्षं गेली, त्याचं दुःख खरं आहे. पण ती बहुतेक वेळा त्या क्रमांक ९ ने नेलेली नसतात. तुमच्या संवर्गात किती पदं रिक्त आहेत, विभागीय पदोन्नती समितीची बैठक शेवटची कधी झाली, निवडसूची (पदोन्नतीसाठी निवडलेल्यांची यादी) वेळेवर लागते का, हे मोजून बघा. निवडसूचीचं वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असतं आणि कितीतरी ऑफिसात सूची लागते तीच वर्ष संपताना. मंजूर पदं भरलीच नाहीत आणि वरचं काम कंत्राटी लोकांकडून करून घेतलं तर शिडीच आखूड होते, मग एका पायरीसाठी आपण आपसात भांडतो.

आरक्षणाने वर गेलेल्यांमुळे कामाचा दर्जा घसरतो असं म्हणतात.

अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजलेलं सांगतो. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेचे १९८० ते २००२ चे आकडे घेऊन हेच तपासलं. जाती-जमातींचं प्रमाण वाढल्याने उत्पादकता घसरली असा काहीच पुरावा मिळाला नाही, उलट वरच्या ए आणि बी पदांवर प्रमाण जास्त असेल तिथे काही ठिकाणी चांगलाच परिणाम दिसला. आणि मुळात पदोन्नतीसाठी किमान सेवा, विभागीय परीक्षा, अहवालाची किमान प्रतवारी हे सगळ्यांनाच लागतं. २००० च्या ८२ व्या दुरुस्तीने कलम ३३५ खाली पात्रता गुणांत सवलत देता येते, देता येते म्हणजे दिलीच असं नाही, तुमच्या सेवेचे नियम वाचा.

आश्वासित प्रगती योजनेत पगार वाढतोच की. मग पद कशाला पाहिजे?

१०, २०, ३० वर्षांनी वेतनश्रेणीचा लाभ मिळतो, बरोबर. पण त्यात सही करायचा अधिकार मिळत नाही. ज्याच्या सहीने घरकुलाची फाइल पुढे जाते, ज्याच्या सहीने बदली होते, तो अधिकार पदाबरोबर येतो. वीस वर्षं त्याच टेबलावर बसून वरच्या श्रेणीचा पगार घेणं हे काही प्रतिनिधित्व झालं नाही. शिवाय नियमित पदोन्नती नाकारली तर याच लाभावर परिणाम होतो, म्हणून गाव लांब आहे म्हणून नकार लिहून द्यायच्या आधी दहा वेळा विचार करा.

जाती-जमातींना क्रीमी लेयर लागतं का?

क्रीमी लेयर म्हणजे मागासवर्गातल्या सुस्थितीतल्यांना आरक्षणातून वगळणं. सध्याच्या व्यवहारात जाती-जमातींना त्याचा दाखला मागत नाहीत. पण २०१८ च्या जर्नेल सिंगमध्ये हे तत्त्व लावता येईल असं म्हटलंय, आणि १ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालात, जिथे सात न्यायाधीशांनी ६ विरुद्ध १ ने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली, त्यातल्या चौघांनी क्रीमी लेयरच्या बाजूने मत लिहिलंय. माझं मत विचाराल तर पदोन्नतीत हे लावणं विचित्र होईल, कारण पदोन्नती मिळणारा माणूस व्याख्येनेच नोकरीत स्थिर असतो, मग उरणार कोण?

दिव्यांग कर्मचाऱ्यांना पदोन्नतीत आरक्षण आहे का?

आहे, आणि हे अजून कितीतरी ऑफिसांना माहीत नाही. इंद्रा साहनीचा पदोन्नतीवरचा प्रतिबंध दिव्यांगांना लागत नाही असं सिद्धराजू केसमध्ये १४ जानेवारी २०२० ला ठरलं, आणि २८ जून २०२१ ला लीसम्मा जोसेफ केसमध्ये तर, भरतीच्या वेळी दिव्यांग कोट्यातून आला नसला तरी पदोन्नतीत लाभ मिळतो, असं स्पष्ट झालं. कायदा २०१६ चा, आरक्षण ४ टक्के. केंद्राने १७ मे २०२२ ला सूचना काढल्या. हे आडवं आरक्षण आहे, म्हणजे सगळ्या प्रवर्गांतून जातं.

महिलांचं ३० टक्के पदोन्नतीत चालतं का?

नाही, ते सरळसेवा भरतीपुरतं. पण पदोन्नतीत महिलांची वाट जिथे अडते ती जागा वेगळीच आहे. जिल्हा परिषदेतल्या शिक्षिका, ग्रामसेविका, आरोग्य सेविका लग्नानंतर आंतरजिल्हा बदली घेतात आणि नव्या जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत सगळ्यात खाली जातात. दहा-बारा वर्षांची सेवा पगारात आणि पेन्शनमध्ये धरली जाते, ज्येष्ठतेत नाही. नियम सगळ्यांना सारखा आहे, पण गाव बदलावं लागतं ते कुणाला, हे सांगायला नको. आणि प्रसूती रजेचा काळ सेवेतच धरतात, त्या कारणाने अहवाल नाही म्हणून नाव मागे ठेवलं असेल तर लगेच लेखी हरकत घ्या.

गोपनीय अहवाल खराब लिहिलाय हे मला समितीनंतर कळलं.

न कळवलेला शेरा तुमच्याविरुद्ध वापरणं चूक आहे. देव दत्त निकाल (२००८) आणि मग सुखदेव सिंग (२०१३), दोन्हींत सांगितलंय की प्रत्येक नोंद, चांगली असो वाईट असो, कळवलीच पाहिजे. अहवालाची प्रत दरवर्षी मागून घ्या. चौकशी चालू असेल तर तुमचं नाव मोहोरबंद पाकिटात ठेवतात, पण दोषारोपपत्र दिलेलंच नसेल आणि नुसती तक्रार आलीय म्हणून पाकीट बंद केलं असेल तर १९९१ चा जानकीरामन निकाल तुमच्या बाजूने आहे.

जात वैधता अजून आली नाही, पदोन्नती थांबेल?

आरक्षित बिंदूवर तर हमखास अडेल. जात पडताळणी समितीकडे पाठपुरावा स्वतः करा, ऑफिस करेल या भरवशावर राहू नका. अवैध ठरलं तर प्रकरण गंभीर आहे, ६ जुलै २०१७ च्या जगदीश बहिरा निकालानंतर नोकरीचं संरक्षण राहिलं नाही, २१ डिसेंबर २०१९ च्या जीआरने अशा लोकांना अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांबाहेरच्या तात्पुरत्या जादा पदावर टाकलं. ज्या आदिवासी मुलांच्या जागा खोट्या दाखल्यांवर गेल्या त्यांची भरपाई मात्र कुठल्याच जीआरमध्ये नीट झालेली मला दिसली नाही.

आमच्या संवर्गात एकच पद आहे.

तिथे आरक्षण लागत नाही, कारण १०० टक्के होईल. १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय संस्थेच्या प्रकरणात हे ठरलंय.

तक्रार कुठे करू, कोर्टात लगेच जाऊ का?

आधी कागद. ज्येष्ठता यादी दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीची निघते, तिच्यावर मुदतीत हरकत घ्या, घेतली नाही तर पुढे कुणी ऐकत नाही. मग माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागा: मंजूर आणि भरलेली पदं प्रवर्गनिहाय, बिंदुनामावलीच्या तपासलेल्या पानांच्या प्रती, आणि पदोन्नती समितीचं इतिवृत्त. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते हातात आलं की कार्यालय प्रमुखाला निवेदन, प्रत मागासवर्ग कक्षाला. यानेच अर्धी प्रकरणं सुटतात हा माझा अनुभव आहे, कारण चूक दाखवली की आस्थापनेवाल्यालाही ती दुरुस्तच करायची असते.

नाही सुटलं तर मॅट. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे पीठं आहेत, आणि अंतिम आदेशापासून एक वर्षाची मुदत असते, निवेदनं पाठवत बसलात तर ती निघून जाते. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनी मॅटमध्ये जाऊ नये, त्यांचा मार्ग उच्च न्यायालय.

निकाल विरोधात लागला तर मला खाली आणतील का?

पदोन्नतीच्या आदेशात ‘न्यायालयीन निकालाच्या अधीन’ असं वाक्य असेल तर शक्यता राहते, उगाच खोटा दिलासा देणार नाही. तदर्थ (तात्पुरती) पदोन्नती असेल तर अजून सांभाळून. आदेशाची मूळ प्रत, रुजू अहवाल आणि तुम्ही आरक्षित बिंदूवर गेलात की स्वतःच्या ज्येष्ठतेने गेलात याची नोंद जपून ठेवा, कारण ज्येष्ठतेने गेलेल्याला आरक्षणाच्या निकालाने हात लागत नाही आणि ऑफिसला नेमकी तीच नोंद सापडत नाही.

मी निवृत्त झालो. आता काही करता येतं का?

तुम्ही सेवेत असताना तुमच्या ज्युनिअरला तुम्हाला डावलून पदोन्नती मिळाली असेल तर मानीव दिनांक, म्हणजे त्याच्या तारखेपासून तुम्हालाही पदोन्नती मिळाली असं कागदावर धरणं, मागता येतो. मिळाला तर वेतननिश्चिती कागदावर पुन्हा होते आणि पेन्शन बदलते, मागची थकबाकी मिळेलच असं नाही. अर्जात ज्युनिअरचं नाव, दोघांचे ज्येष्ठता क्रमांक, त्याच्या पदोन्नती आदेशाची तारीख आणि त्या वर्षीच्या निवडसूचीची प्रत जोडा, आणि अर्ज आवक नंबर घेऊनच द्या.